आबांच्या गळ्यातली माळ

त्या आठवड्यात देवापेक्षा मला आबांचाच राग जास्त येत होता. माझे वडील, टाकव्याचे शेतकरी, जन्मभर कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत. आणि लोणावळ्याच्या दवाखान्यात खाटेवर पडून डॉक्टरांना सरळ नाही म्हणाले. अंगातलं रक्त आटत चाललं होतं, नखं पांढरी पडली होती. बकऱ्याच्या काळजाचा अर्क, त्या काळी यावर तेच औषध होतं, रोज घेतला तर उभे राहतील, नाहीतर महिना काढणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबा माळकरी. म्हणाले, "डाक्तर, तुमी भल्याचंच सांगताय. पन माळ घातल्यापासनं त्वांडात मांस गेलं न्हाई. आता जाताना कशाला?" जाताना म्हणे! मी काय त्यांना पोचवायला आणलं होतं? त्यानंतर कुणीही कप पुढे केला की ते आधी विचारत, "ह्यात काय हाय?" मलासुद्धा.

दोन दिवस मी वलवणची माझी खोली आणि दवाखाना यांच्यात नुसत्या येरझारा घातल्या. जेवण जाईना, कचेरीत लक्ष लागेना. विठोबाच्या तसबिरीसमोर उभा राहून नाही नाही ते बोललो. मग डोक्यात एक आलं. आमच्या गावात एखाद्या माळकऱ्याला मटणाचा मोह आवरला नाही, तर तो आधी माळ काढून खुंटीला अडकवतो आणि दुसऱ्या दिवशी अंघोळ करून परत घालतो. लोक हसतात, पण चालवून घेतात. म्हटलं, आबांची माळ मीच काढतो, काढा आहे सांगून अर्क पाजतो. पाप लागलंच तर मला लागेल. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी माळ हलकेच डोक्यावरून काढून खिशात टाकली आणि अर्काची बाटली घेऊन, मात्रा मोजून घ्यायला, सिस्टरकडे गेलो.

त्या दिवशी नेहमीच्या बाईंच्या जागी गोव्याकडच्या एक ख्रिस्ती बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ते हो म्हणालेत?" मी म्हणालो, त्यांना काय कळतंय. "सगळं कळतंय. सकाळी साधी गोळीसुद्धा विचारून घेतली त्यांनी," असं म्हणून त्यांनी बाटली माझ्या हातात परत ठेवली. "माझा उपास मला न सांगता कुणी मोडला, तर मी पुन्हा त्याच्या हातचं पाणी पिणार नाही." एवढंच बोलून त्या कामाला लागल्या. मी संतापलो होतो, पण पाय खाटेकडे वळेनात.

शेवटी रिकाम्या हाताने गेलो. आबा जागे झाले होते, गळा चाचपत होते. "माळ कुटं रं?" मी ती काढून दिली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. सांगताना रडलो. त्यांनी माळ परत माझ्या हातात ठेवली. मग म्हणाले, "मी ऱ्हावं वाटतं तुला, व्हय ना? मंग घाल ती माज्या गळ्यात, आन् दूध आन जरा." मी कप पुढे केला. त्यांनी काही न विचारता तो तळापर्यंत पिऊन टाकला.

आबा त्यानंतर एकवीस दिवस होते. अर्क घेतला असता तर वाचले असते, असं मला आजही वाटतं. मनातलं ते दुखणं विठोबाने काढून घेतलं नाही आणि आता मी तसं मागतही नाही. त्या बाई दुसऱ्या दिवशी दिसल्या नाहीत. त्यांना कुणी पाठवलं, ते मला सांगता यायचं नाही. माझ्या हट्टाने मी बापाचा विश्वास गमावून बसलो असतो, तो त्या बाईंमुळे राहिला. पूजेला बसलो की विठोबाच्या आधी हात त्यांनाच जोडले जातात. त्या एकवीस दिवसांत आबांनी माझ्या हातून सगळं घेतलं, शेवटी तुळशीचं पाणीसुद्धा. ह्यात काय हाय, असं एकदाही विचारलं नाही.