लॉक नटची चावी

माझ्या व्हॅनची दोन चाकं थोरल्या भावाच्या दारातून चोरीला गेली. त्याच्या गल्लीत जागा होती म्हणून मी गाडी तिथे लावायचो. सकाळी बघतो तर गाडी विटांवर. भाऊ म्हणाला, "मला काहीच ऐकू आलं नाही." चाकाचे नट सोडताना पाना वाजतो, हे मी आजही म्हणतो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मग मी लॉक नट घेतले. प्रत्येक चाकाला एक. त्याला साधा पाना बसत नाही, वेगळी चावी लागते. दुकानदाराशी भांडून मला हवा तो भाव लावून घेतला. भावाने वहिनीच्या तोंडी निरोप पाठवला, "चोराच्या आधी तूच अडकशील." मी ते मुद्दाम बसवले.

खंडेनवमीला गाडीची हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, ही आमच्या घरची रीत. जॅक, पाना, चावी, वर झेंडू. दसऱ्याला पहाटे हरसूलकडे विक्रीची फुलं आणायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "उत्तरपूजा झाली नाही, उचलू नका." मी नमस्कार केला आणि जॅक, पाना उचलला. चावी फुलांखाली राहिली.

फुलं भरून परत येताना त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी होती. बाकीचे नट सुटले, लॉक नट तसाच. जवळच पंक्चरवाल्याची टपरी होती. तो नवा शर्ट घालून खुर्चीत बसलेला.

"छिन्नीने नट तोडून दे," मी म्हटलं.

"हत्यारं पुजलीत शेठ. सोनं लुटल्याशिवाय हात नाय लावणार."

"दुप्पट घे."

"चौपट द्या. तरी नाय."

एरवी मी त्याची टपरी डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी गुपचूप गाडीपाशी आलो. दसऱ्याचा झेंडू दुपारपर्यंतच माल असतो, नंतर कचरा. बायकोला फोन लावून चावी पाठवायला सांगितलं.

ती म्हणाली, "मोटारसायकल थोरल्या भाऊजींकडेच आहे. त्यांना सांगू?"

मी गाडीतल्या फुलांकडे बघितलं. मग म्हटलं, "सांग."

जाणारे-येणारे थांबत होते. फुलांना पडेल भाव सांगत होते. मी "घ्या" म्हणत होतो.

भाऊ आला. चावी रुमालात बांधलेली, तिच्यावर हळदकुंकू तसंच. त्याने मला हात लावू दिला नाही, स्वतःच नट सोडला.

"अर्धी फुलं कुठं गेली?"

"विकली."

"काय भावाने?"

"मागितली त्या."

तो पाना धरून माझ्याकडे बघत राहिला. "तू? ताप आलाय का तुला?"

मी स्टेपनी त्याच्याकडे सरकवली. स्टेपनी चढवता चढवता तो खाली बघत म्हणाला, "त्या रात्री मला खरंच…"

"नट नीट आवळ," मी म्हटलं.

त्याने आवळले. चावी माझ्या हातात दिली, खिशातून आपट्याची पानं काढली आणि पुढे धरली. अशा वेळी धाकट्याने वाकून पाया पडायचं असतं. मी पानं घेतली आणि गाडीत बसलो.

नाशकात पोचलो तेव्हा दारोदार तोरणं लागली होती. उरलेल्या फुलांना कोणी विचारलं नाही.

लॉक नट मी काढलेले नाहीत. चावी गाडीच्या कप्प्यात असते. व्हॅन मी दूर मैदानाच्या कडेला लावतो. भावाच्या गल्लीतली जागा अजून मोकळी आहे, असं बायको सांगते.