वरून पिकलेलं, आतून कच्चं

प्रयोगशाळेत तिला सगळेच वहिनी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. तिथल्या गाडीचा ड्रायव्हर तिचा धाकटा दीर. तो तिच्याआधी नोकरीला लागलेला, म्हणून त्याची वहिनी ती सगळ्यांची वहिनी झाली.

तिचं काम ऐकून मात्र पाहुण्यांच्या भुवया वर जात. दिरानं कत्तलखान्यातून डुकरिणींची अंडाशयं थर्मासमध्ये आणायची. हिनं त्यातली अंडी सुईनं काढून काचेच्या बशीत, उबेत पिकवायची आणि बशीतच त्यांचे गर्भ तयार करायचे. जमलं तर चांगल्या जातीची पिल्लं हवी तिथे जन्माला घालता येतील, अशी साहेबांची आशा होती. पण डुकरिणीचं अंडं महा नखरेल! जरा गारठलं की मान टाकायचं.

"वरून पिकलेलं, आतून कच्चं," साहेब सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणत. शिवाय एका अंड्यात एकच शुक्राणू शिरायला हवा, तर इथे चार-चार घुसत आणि सगळा विचका होई.

घरी सासूबाई ताटं वाढताना विचारत, "आज तरी राहिलं का गं?" एकदा शेजारणीनं हे ऐकलं आणि वहिनीचं अभिनंदन करून, "आता जड उचलू नकोस हं," असं बजावून ती गेलीसुद्धा. पाचव्या भाकरीवर आलेला दीर हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

शेवटी वहिनीनंच साहेबांकडे विषय काढला. "अंडाशयातल्या ज्या पाण्यात अंडं वाढतं ते आपण फेकून देतो. त्यातलंच थोडं बशीत घालूया का? आणि शुक्राणूंना तासन्‌तास अंड्यांपाशी ठेवायचं नाही. लवकर वेगळं करायचं."

"करा. आणखी बिघडायला उरलंय काय!" साहेब म्हणाले.

नेमकी या नव्या प्रयोगाच्या सकाळीच गाडी रस्त्यात बंद पडली. वाट पाहून वहिनीचा जीव टांगणीला लागला, तेवढ्यात दीर घामाघूम होऊन दारात उभा. थर्मास स्वेटरच्या आत पोटाशी बांधलेला. झाकण सैल झालं होतं म्हणे, म्हणून तो तसाच धावत आला होता.

"भाऊजी, पोटुशी दिसताय अगदी!"

"आधी हे सोडवा वहिनी, मग हसा."

पुढचे काही दिवस तिनं उबदार कपाटाचं दार उगाच उघडायचं नाही म्हणून स्वतःचे हात धरून ठेवले. अखेर बशी बाहेर काढली. अंड्यांचे दोन तुकडे, दोनाचे चार, आणि कितीतरी गर्भ पुढे फुगून गोल गरगरीत झालेले. इतके आजवर कधीच आले नव्हते. साहेबांनी ते एकदा मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मग ते गर्भ डुकरिणींच्या पोटात सोडले. पहिलीला राहिला नाही. वहिनी तिसऱ्या दिवशी पुन्हा सुई घेऊन बसली. दुसरीला मात्र राहिला. ती व्यायली तेव्हा वहिनी गोठ्यात गुडघ्यावर बसून एका किरकोळ पिल्लाला आचळाशी ढकलत होती. ते एकदाचं चिकटलं, तेव्हा कुठे तिनं खिशात वाजणारा फोन घेतला.

"कुणावर गेलीत गं?" पलीकडून सासूबाई.

वहिनी विचारात पडली. अंडं एकीचं, पोट दुसरीचं, काय सांगणार?

"माहीत नाही आई," ती म्हणाली, "पण भूक सगळ्यांना आपल्या भाऊजींची आहे!"