माझ्या ओळीतल्या तीन काड्या

बिचारी म्हणणाऱ्यांचा मला आता राग येत नाही, त्यांची सवय झाली. राग येतो तो आमच्या रोवण्याच्या टोळीतल्या बायांचा. आणि त्यांनी तर माझं कधी वाईट चिंतलं नाही.

मी जन्मापासून आंधळी. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात आईनं मला धान रोवायला शिकवलं. एका चुडात, म्हणजे एका जुडग्यात, भाताच्या रोपाच्या तीनच काड्या खोचायच्या, वीतभर सोडून पुढचा चूड, मग एक पाऊल मागं. धुऱ्यालगतची, म्हणजे शेताच्या बांधाकडेची ओळ माझी, एका बाजूला धुरा आणि दुसऱ्या बाजूला शेजारणीचं कोपर. वर्षभर 'तू बस, आम्ही करतो' ऐकायचं आणि रोवण्याचे पंधरा-वीस दिवस तेवढं माणसात यायचं. सात पावसाळे मी त्या दिवसांवर जगले.

यंदा जेवणाच्या सुट्टीत ध्यानात आलं की हातातली बांगडी गळली. बांधीत, चिखलाच्या त्या खाचरात उतरून माझीच ओळ चाचपू लागले. पहिल्या चुडात पाच काड्या, दुसऱ्यात सहा. चिखल नुकताच दाबलेला. पुढं कोणीतरी पाण्यात चुबुकचुबुक करत होतं, ते एकदम थांबलं.

"कोण हाय? काय करून राह्यल्या?"

"मी हावो पोरी." घरामागची काकी होती, टोळीची म्होरकी. "थोडं नीट करून राह्यली. तुले वाईट वाटू नये म्हणून सांगतलं नाई."

"कवापासून?"

"पयल्या सालापासून."

सात वर्षं मी घरी जाऊन आईला सांगत होते, आज अमकी बांधी रोवली. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात. त्या पिठानं निदान कुत्र्याचं तरी पोट भरलं. माझं रोवलेलं यांनी उपटून पुन्हा रोवलं, आणि संध्याकाळी वर मला शाबासकी दिली.

मी तिचं मनगट धरलं. "माही ओळ वाकडी होती का? खरं सांग."



"कसं सांगू? आमी कधी पाह्यलंच नाई. तू रोवलं म्हणून उपटलं."

मनगट न सोडता मी ओळ चाचपत पुढं गेले. थोड्या अंतरावर हाताला तीन-तीन काड्या लागल्या. तेवढं उपटायचं राहिलं होतं. मी काकीला तिथं उभं केलं.

"आता पाह्य," मी म्हणाले.