विज्ञानाच्या तासाची छडी

सोनपेठजवळच्या त्या शाळेत विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं आणि महारुद्र सरांच्या हाताला छडी चिकटली. तासाला कुणाच्या तोंडून मराठी निघालं, की जणू सरांच्या बापाचा खून झाला! मेंढपाळाची प्रियांका तर रोज मार खायची. तिच्या तळहातावरचे वळ जिरायचेच नाहीत.

"इंग्रजीत बोल, न्हाईतर मुकी ऱ्हा!"

त्या दिवशी फळ्याकडं वळताना सरांच्या बाहीनं स्पिरिटच्या दिव्यावर पेट घेतला. समोरच बसलेल्या प्रियांकानं ते पाहिलं, पण तिचे ओठ नुसतेच हलत राहिले. कातडी भाजली तशी सर किंचाळले आणि पेटता हात टेबलावर आपटू लागले.

"नुसती बघायलीस काय, भवाने? सांगाया काय झालतं?"

"सर, आग लागली," प्रियांका म्हणाली, आणि तिनं तळहात पुढं केला.