देठ धुतो तसं

बायकोच्या छातीतल्या गाठीचे तुकडे मी पिण्याच्या पाण्यानं धुतले.

इंदापूरच्या डॉक्टरांनी सुईनं काढलेले ते तुकडे, शेवयांच्या चुऱ्याएवढे, एका बाटलीत घालून माझ्या हातात दिले होते. बारामतीच्या लॅबला आजच पोचवा म्हणाले. बाटलीतलं औषधी पाणी झाकणातून पाझरलं, गाडीभर उग्र वास सुटला. वालचंदनगरच्या अलीकडं मी गाडी थांबवली आणि डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की घरातलं काहीतरी बंद पडतं. पण आम्ही पडलो द्राक्षवाले. वेलीचे देठ तपासणीला पाठवायचे तर आधी स्वच्छ धुवायचे, सावलीत सुकवायचे, कागदात घालायचे. तसंच केलं. औषधी पाणी दिलं ओतून.

लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली.

"हे धुतलं कुणी?"

"मीच," मी म्हणालो. मला वाटलं, कौतुकानं विचारतायत. "देठ आम्ही असेच पाठवतो."

"मग पेशंटलाही सावलीत वाळत घातलंय का?"

तरी त्यांनी तपासणी केली. गाठ कॅन्सरचीच निघाली, त्यात शंका नव्हती. प्रश्न पुढचा होता. अशा गाठीच्या पेशींत तीन प्रथिनं शोधतात. ती सापडली तर त्यांना नेमकी धरणारी औषधं आहेत, माणूस बरीच वर्षं काढतो. एकही सापडलं नाही तर ती औषधं बाद, केमोवरच भिस्त, आणि गाठ लवकर परत यायची भीती. आमच्या तुकड्यांत एकही सापडलं नव्हतं. पण बाई म्हणाल्या, "तुम्ही धुतल्यामुळं प्रथिनं नासलीही असतील. यावर भरवसा ठेवता येणार नाही. परत तुकडा काढा."

परत सुई म्हटल्यावर बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की सुई मलाच टोचल्यासारखं झालं.

पण त्यानंतर घरात एक नवलच घडलं. माझ्या मूर्खपणाला भाव आला. मी धुतल्यामुळंच प्रथिनं गेली असतील, म्हणजे गाठीत ती असतीलच आणि औषधं लागू पडतील, असं सगळे धरून चालले. बारामतीची मेव्हणी मुद्दाम भेटायला आली आणि चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, "दाजी, बिघडवण्यात तुमचा हात कोण धरणार? ह्या बारीलाबी तुमीच घाण केली असणार, व्हय ना?"

"व्हय, मीच," मी छाती काढून म्हणालो.

बायको खाटेवरून माझे जुने पराक्रम सांगायला लागली. द्राक्षं फुगवायचं संजीवक दुप्पट घातलं नि अख्ख्या बागेचे मणी तडकले. दिराचा ट्रॅक्टर शेततळ्यात घातला. विहिरीची मोटर दुरुस्त करतो म्हणून जाळली. प्रत्येक गोष्टीवर दोघी बहिणी डोळे पुसत हसत होत्या, आणि मी विसरलेल्या गोष्टींची आठवण करून देत होतो. नवऱ्याच्या नालायकीवर बायको जगेल, अशी आशा लावून बसलेलं दुसरं घर आमच्या वरकुटे गावात नसावं.

दुसऱ्यांदा तुकडा काढला तेव्हा पहिली जखम नीट भरलीही नव्हती. ह्या खेपेला तिनं बाटली माझ्या हातात दिलीच नाही. स्वतःच्या गाठीची बाटली स्वतःच्या मांडीवर उभी धरून ती एसटीत खिडकीशी बसली. मी मदतीला हात पुढं केला, तर म्हणाली, "हात मागं घ्या."

रिपोर्ट घ्यायला दोघं गेलो. बाईंनी तिला खुर्ची दिली. मी उभाच होतो.

"ह्या वेळी नमुना उत्तम आला," त्या म्हणाल्या. "पण तिन्हींपैकी एकही प्रथिन नाही."

"मग पहिल्या वेळी, मी धुतल्यामुळं..."

"नाही. तेव्हाही ती नसणारच. तुमच्या धुण्यानं काही बिघडलं नव्हतं."

उभ्या आयुष्यात मला कुणी निर्दोष म्हटलेलं आठवत नाही. बाईंनी म्हटलं, आणि मी बायकोकडं बघू शकलो नाही.

बारामतीच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. इंदापूरची गाडी लागायची होती. मी रसाचे दोन ग्लास आणले. एक तिच्या हातात देताना थोडा तिच्या लुगड्यावर सांडला. तिनं तो डाग पुसलाही नाही.

"लगीन झाल्यापासनं हात लावाल ते बिघडवलंत," ती म्हणाली. "हे येवढं एकच बिघडवायचं हुतं, तर त्येबी तुमाला जमलं न्हाय."