काचेबाहेरची बादली

शॉवरचा काचेचा दरवाजा दुसऱ्यांदा फुटला, तेव्हा कोन गावाहून एक काचवाला आला. कानावर पेन्सिल, गळ्यात मेजरटेप. नवीन काचेचं माप घ्यायच्या आधी त्याने शॉवरच्या कोपऱ्यातली माझी बादली बघितली.

"पाटावर बसा," तो म्हणाला, "आणि आंघोळ करून दाखवा."

दापोड्याची जमीन गोदामाला देऊन बंगला बांधलेला मी, इस्त्रीच्या कपड्यांत पाटावर बसलो आणि रिकामा तांब्या डोक्यावर ओतला. हात मागे फिरला तसा तांब्या बरोबर तिथेच गेला, जिथे आधी काच होती. दारात उभी बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"शेठ, काचेत काय खोट न्हाय," तो म्हणाला. "शॉवर पाहुण्यांना दाखवायला हाय, आंघोळ तुमची बादलीनंच हाय. दोघांना एका खोक्यात कशाला कोंडता?"

असा राग आला! त्याने माप घेतलं, चार दिवसांनी नवीन काच बसवली आणि जाताना बादली, पाट उचलून काचेबाहेरच्या नळाखाली ठेवले.

तेव्हापासून काच शाबूत आहे. पाहुणे यायचे असले, की मी आत हात घालून शॉवर दोन मिनिटं सोडतो. काच ओली दिसायला नको?