दाजींच्या भिंतीला खिळा

आमच्या शहरात आजवर जितके वाद झाले असतील, त्यांतले निम्मे माझ्या दाजींनी घातलेत आणि उरलेले निम्मे त्यांनी वर्गात शिकवलेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका आर्किटेक्चर कॉलेजात ते आधुनिक कला आणि वास्तुकलेचे सिद्धांत शिकवतात. घनवाद, रचनावाद, भविष्यवाद, अतिवास्तववाद, उत्तर-आधुनिकतावाद असे एकापेक्षा एक वाद त्यांच्या जिभेवर तयार असतात, आणि समोरचा माणूस भाजीवाला आहे की कुलगुरू हे पाहून बोलायची त्यांची पद्धत नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे माझ्यासाठी ते विषय जरा सोपा करतात, म्हणजे आवाज वाढवतात. लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थांनी सांगितलं होतं, मुलगा अबोल आहे. मध्यस्थांनी त्यांना एखाद्या भिंतीसमोर उभं करून पाहिलं नसावं.

दाजींचा सगळ्यात लाडका सिद्धांत म्हणजे साहित्याचा प्रामाणिकपणा. लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे, वीट विटेसारखी, आणि काँक्रीट काँक्रीटसारखं. रंग, गिलावा, नक्षी हे सगळं खोटं. बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात आम्ही लग्नाला गेलो होतो. तिथं दाराशी प्लास्टर ऑफ पॅरिसचे पांढरेशुभ्र, वर पानंफुलं उमललेले खांब होते. दाजींनी एका खांबावर टकटक केलं, कान लावला आणि शेजारून लगबगीनं चाललेल्या वधूपित्याला थांबवून गंभीरपणे सांगितलं, "तुमचा खांब खोटं बोलतोय. याच्यावर कसलाही भार नाही." वधूपित्याला त्यातलं 'खांब' आणि 'भार' एवढंच ऐकू आलं. त्यांनी तत्काळ जेवणाची टेबलं तिथून उचलून उन्हात मांडायला लावली. वऱ्हाडानं घाम पुसत मठ्ठा प्यायला, आणि दाजी एकटेच सावलीत, खोट्या खांबाला टेकून, समाधानानं जेवले.

हाच सिद्धांत एकदा त्यांनी पुरणपोळीला लावला. पुरण आत दडवून वरून पोळी गुंडाळणं ही मूळ साहित्याची फसवणूक आहे, असं ते सणाच्या दिवशी पंगतीत म्हणाले. ताई वाढत राहिली. पुढच्या सणाला तिनं त्यांच्या ताटात एकीकडं शिजवलेली हरभऱ्याची डाळ, एकीकडं गुळाचा खडा आणि मधोमध मूठभर कणीक वाढली. "घ्या. एकदम प्रामाणिक आहे." दाजींनी ते निमूटपणे खाल्लं. कणीकसुद्धा. तत्त्वासाठी इतकी किंमत मोजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पुण्याहून आलेल्या माझ्या पाहुण्यांना ते हौसेनं आमच्या शहरातला, ताजमहालासारखा दिसणारा मकबरा दाखवायला घेऊन गेले होते. एका पाहुण्यानं सवयीनं 'ताजची कॉपी' असा शब्द काढला. दाजी जागीच थांबले. "कॉपी नाही. हे अवतरण आहे. एका इमारतीनं दुसऱ्या इमारतीचं दिलेलं अवतरण!" मग नक्कल, अवतरण, विडंबन आणि अभिवादन यांतला फरक त्यांनी एप्रिलच्या उन्हात उभ्या उभ्या असा उलगडून सांगितला, की शेवटी तो पाहुणा हात जोडून म्हणाला, "ताजच कॉपी आहे, पण आधी उसाचा रस पाजा."

हे सगळे सिद्धांत एकत्र नांदतात ते ठिकाण म्हणजे दाजींचं गारखेड्यातलं घर. ते त्यांनी स्वतः आखलं. आतून बाहेरून नुसतं राखाडी काँक्रीट, त्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ जसेच्या तसे. ना गिलावा, ना रंग. लोकांना ते घर अजून बांधायचं राहिलंय असं वाटतं. दोनदा भलत्याच कुणाची वाळू त्यांच्या दारात उतरली. दूधवाले सलीमभाई रोज दुधाबरोबर एक प्रश्न घालून जातात, "सर, काम कब पूरा होनेवाला है?" दाजींनी त्यांना पायरीवर बसवून एकदा सगळा ब्रूटलिझम, म्हणजे उघड्या काँक्रीटचा वाद, समजावून सांगितला. सलीमभाईंनी तो शांतपणे ऐकला, मान डोलवली आणि म्हणाले, "हौ सर, समझ गया. दिवाली के बाद."

आत भिंती कमी आणि दारं त्याहून कमी. बाथरूमला दार आहे, आणि तो ताईचा त्या घरातला एकमेव विजय. बाकी घरभर, दाजींच्या भाषेत, अवकाश वाहतो. ताईनं मिरचीची फोडणी टाकली की ठसकाही वाहतो. मे महिन्यात दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी ऊन परत करायला लागतं, तेव्हा दाजी म्हणतात, "घर श्वास सोडतंय." ताई पदरानं वारा घेत म्हणते, "आपल्यावर." आणि घराचा सर्वोच्च कायदा हा, की भिंतीला खिळा नाही. "खिळा मारला की भिंत भिंत राहत नाही, नुसती टांगायची जागा होते," असं दाजींचं म्हणणं. म्हणून ताईचं कॅलेंडर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे, आणि चतुर्थी कधी आहे हे पाहायचं असेल तर आधी दाजींचे शर्ट बाजूला सारावे लागतात.

अशा या घरात गेल्या वर्षी दाजींचे वडील राहायला आले. आबांचं सगळं आयुष्य फर्दापूरकडच्या एका गावात मेंढरांमागं गेलं. दाजींची आई वारल्यावर त्यांनी मेंढरं विकली आणि मुलाच्या आग्रहाखातर एसटीत बसून ते शहरात आले. सोबत काठी, घोंगडी, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक चौकोन. घरात शिरल्यावर त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. दाजी श्वास रोखून उभे होते. मला वाटलं, आता गिलाव्याचं निघणार. पण आबा म्हणाले, "ऐसपैस हाय. मधी कुठं आडवं येत नाय." दाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बस. इतक्या वर्षांत त्या घराला मिळालेली ती पहिलीच दाद होती. मग आबांनी लुगडं सोडलं. आत आईंचा फोटो होता. सोनेरी नक्षीची प्लास्टिकची चौकट, मागं स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेलं निळं तळं आणि हंस, त्यापुढं डोक्यावरून पदर घेतलेल्या, कॅमेऱ्याला जराशा भ्यालेल्या आई. "एक खिळा ठोक रं इथं," आबा म्हणाले.

दाजी म्हणाले, "जागा ठरवावी लागेल, आबा."

मग ती जागा ठरू लागली. दाजी फोटोच्या आकाराचा पुठ्ठा भिंतीवर धरत आणि मी समोर उभा राहून सांगत असे. मधोमध धरला तर ते अभिजातवादी होई, कडेला धरला तर अनाठायी, आणि खाली धरला तर माझ्या मते ठीक, म्हणजे त्यांच्या मते चूक. तोवर फोटो जमिनीवर भिंतीला टेकून होता. त्याची सोनेरी चौकट राखाडी खोलीत डोळ्यांत खुपते म्हणून दाजींनी एके दिवशी तो हळूच उलटा करून ठेवला. आबांनी तो सुलटा केला. दाजींनी परत उलटा. ताईनं मला फोनवर सांगितलं, "दोघं दिवसभर एकमेकांची पाठ वळायची वाट बघतात रे."

शेवटी दाजींना वाटलं, त्यांना मार्ग सापडला. त्यांनी एक राखाडी फलक स्वतः रंगवला. त्यावर वरून खाली येणारी एकच पांढरी रेघ. तो आबांच्या पुढं ठेवून म्हणाले, "हे आईचं चित्र आहे. अमूर्त. हे मात्र मी भिंतीवर लावायला तयार आहे." मी समोरच होतो. आबांनी फलक हातात घेतला, उजेडाकडं धरला, फिरवून मागची बाजूही पाहिली. "ह्यात ती कुठंय?"

"ती नाहीये यात. तिचं नसणं आहे, आबा."

आबांनी फलक हलकेच खाली ठेवला. मग म्हणाले, "तिचं नसनं मला ठावं हाय की रं. त्ये टांगाया कशाला पायजे?"

दाजींपाशी प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावर परत पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. आबा घोंगडी आणि फोटो घेऊन निघून गेले होते, आणि शेजारणीनं त्यांना स्टँडच्या रिक्षात बसताना पाहिलं होतं. मी कॉलेजात जाऊन दाजींना वर्गातून उठवलं. स्टँडवर आबा एका बाकावर बसलेले सापडले. फोटो मांडीवर, तोंड बाहेरच्या बाजूला केलेलं, जणू आईंना गाड्या दाखवत होते. फर्दापूरमार्गे जाणारी गाडी लागायची होती.

दाजींनी सुरुवात केली, "आबा, तुम्ही समजून घ्या, त्या भिंतीची एक भूमिका…"

"म्या रागावून नाय चाललो," आबा म्हणाले. "घर चांगलं हाय तुजं. माझं काय, म्या कुठंबी पडंन. पर तिनं कदी कुनाकडं पाठ केली नाय रं. तिला भिताडाकडं तोंड करून बसवायचं माझ्यानं व्हत नाय. गावाकडं खिळा हाय, तितं लावतो."

गाडी लागली. माणसं धावली. आबा काठी टेकून उठू लागले. दाजींनी हात पुढं केला, तो काठीकडं नाही, फोटोकडं. तो त्यांनी छातीशी धरला आणि म्हणाले, "चला घरी." एवढंच. परतताना रिक्षात फोटो दाजींच्या मांडीवर होता. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि विचारलं, "अम्मी हैं क्या, सर?" दाजी म्हणाले, "हौ." "अच्छी फोटू है," तो म्हणाला. त्या हंसांबद्दल दाजी काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी बाहीनं फोटोवरची धूळ पुसली.

काँक्रीटच्या भिंतीत खिळा काही हातोडीनं जात नाही. ड्रिल मशीन लागतं, आणि गल्लीत ते फक्त समोरच्या बंगल्यात होतं. त्या बंगल्याच्या गच्चीवर कमळ आहे आणि फाटकावर दोन सिंह, आणि दाजी त्याला आजवर 'केकचं दुकान' म्हणत आले. ते स्वतः गेले. शेजारी ड्रिल घेऊन धावतच आला. "वा सर! शेवटी फिनिशिंगला सुरुवात झाली म्हणायची!" आणि दाजींनी तेही ऐकून घेतलं.

आयुष्यभर हजारो घरांवर बोललेल्या या माणसानं एकही भोक स्वतः पाडलेलं नव्हतं, हे आम्हाला मशीन सुरू झाल्यावर कळलं. पहिलं भोक सळईवर आपटून धुरकटलं. शेजारी म्हणाला, "मी करू का?" दाजी म्हणाले, "नको, मीच करतो." दुसऱ्या भोकाला आतली वायर तुटून घरातली वीज गेली. वायरमनला बोलवावं लागलं, आणि त्यानं आता नवी वायर भिंतीवरूनच न्यावी लागेल असं सांगितलं, तेव्हा दाजी क्षीण आवाजात म्हणाले, "उघडी वायर तशी प्रामाणिक असते." त्या सिद्धांतावर त्या दिवशी कुणी टाळी दिली नाही. वीज आल्यावर तिसरं भोक पडलं, पण मशीन हातात नाचल्यानं ते तिरकस पडलं. त्या भिंतीवर, त्या दोन वाया गेलेल्या भोकांच्या शेजारी, आईंचा फोटो अखेर लागला. वाकडा. दाजींचे केस, भुवया, चष्मा सगळं सिमेंटच्या भुकटीनं राखाडी झालं होतं.

"परत काढून नीट करतो," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," आबा खाली बसत म्हणाले. "डोईवर वझं वाहून वाहून तीबी जराशी वाकडीच चालायची."

या हिवाळ्यात दाजींचे विद्यार्थी घर बघायला आले होते. मीही होतो. दाजींनी फळ्यांचे वळ दाखवले, वाहता अवकाश दाखवला, सगळं नेहमीसारखं जोरात चाललं होतं. मग एका मुलीनं फोटोकडं बोट करून विचारलं, "सर, या शुद्ध भिंतीवर हा हस्तक्षेप का? आणि वाकडा मुद्दाम ठेवलाय का? म्हणजे समतोल मोडायला?" मुलांच्या वह्या उघडल्या.

"ती माझी माय आहे," दाजी म्हणाले. "आणि मला ड्रिल धरता येत नाही."

मुलं गेल्यावर ताई चहा ठेवायला गेली. आबा बाहेर उन्हात पाय पसरून सलीमभाईंशी बोलत बसले होते. दाजी कितीतरी वेळ भिंतीजवळ बसून होते, आणि मग एकदम म्हणाले, "गावाकडच्या घराच्या भिंती माय सारवायची. सगळी भिंत सारवून झाली की शेवटी ओल्या शेणामातीत बोटं ओढून अर्धगोल काढायची. एकावर एक, मोराच्या पिसासारखे. मी बारका होतो, विचारायचो, हे कशाला?"

"मग?"

"म्हणायची, बरं दिसतं म्हणून."

मला वाटलं, आता ते याला एखादं नाव देतील. वर्षभरापूर्वीपर्यंत दिलंही असतं. पण ते समोरच्या राखाडी भिंतीवर नुसता तळहात फिरवत राहिले, एकदा वरून खाली, आणि मग बोटं जराशी पसरून, गोल.